होडीवरचा डीजे आणि दोन पिढ्यांचे कान

नारळी पौर्णिमा होऊन तिसऱ्या दिवशी वाढवणच्या एक आजी आपल्या नातवाला जवळजवळ ओढतच माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. तक्रार नातवाची नव्हती, आजींची होती. "डॉक्टर, इतकी वर्षं घरात एकालाच ओरडून सांगावं लागायचं. आता दोघांना सांगते. माझाच घसा बसला." पहिले ते आजोबा, चाळीस वर्षे मासेमारीच्या होडीवर डिझेल इंजिनाच्या शेजारी काढलेले. दुसरा हा नातू, वय सव्वीस. लग्नसराईत डहाणू-तलासरीच्या गावांतून आणि सणासुदीला सजवलेल्या होड्यांवर डीजे वाजवणारा. मधला एक हंगाम त्याने पणजीला, मांडवी नदीत पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींवरही काढला होता.

डीजे हा शब्द ऐकला की आपल्या वयाच्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडते, हे कबूल करतो. पण त्या दिवशी रुग्ण कमी होते, म्हणून त्याला त्याच्या कामाविषयी विचारत गेलो आणि जे ऐकले त्याने माझी आठी थोडी सैल झाली.

आमचा किनारा खडकाळ. ओहोटीला पाणी दूर जाते, त्यामुळे सामान चढवायचे ते भरतीची वेळ साधूनच. तीस-चाळीस किलोचा एकेक स्पीकर गुडघाभर पाण्यातून हलत्या होडीवर चढवायचा, म्हणजे एक पाय वाळूत आणि दुसरा डुलणाऱ्या फळीवर. कंबर वाकवून, अंगाला पीळ देऊन वजन उचलणे हा मणक्याच्या गादीला इजा करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. स्पीकर स्टँडवर ठेवला तर पहिल्याच लाटेला आडवा होतो, म्हणून तो खाली ठेवून दोराने आवळायचा. खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात, आवाज खरखरतो. वायरींवर पाणी उडते आणि आसपास सगळे ओल्या पायांनी नाचत असतात. विजेचा धक्का लागताच प्रवाह तोडणारा स्विच तो वापरतो का, असे विचारले. "भाड्याच्या जनरेटरला असतो, माझ्या जुन्या बोर्डाला नाही," असे उत्तर आले. पहिली सूचना तिथेच दिली.

आता कानांकडे वळू. बंद सभागृहात भिंती आवाज परत फेकतात. होडीवर भिंतीच नसतात. आवाज चहूकडे विखुरतो, त्यातही ठेक्याचा खर्जातला आवाज फिका पडतो आणि खालून इंजिनाची घरघर सुरूच असते. नाचणारे म्हणतात, "वाढव." तो वाढवतो. पाहुण्याला आवाज सोसवेना तर तो होडीच्या टोकाला जाऊन बसतो. डीजेला ती सोय नाही. तो स्पीकरपासून हातभर अंतरावर तीन-तीन तास उभा असतो. शिवाय पुढचे गाणे जुळवण्यासाठी हेडफोन एका कानाला लावायचा, तोही भोवतालच्या गोंगाटावर मात करील इतका मोठा. याचा हेडफोन नेहमी डाव्या कानाला असतो.

व्यवसायजन्य बहिरेपणाचा एक हिशोब वैद्यकशास्त्रात सर्रास वापरला जातो. 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास काम चालते. पुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटे. डीजेसमोर 100 चा आकडा सहज गाठला जातो. कार्यक्रमानंतर कान बधिर होतात, आत रातकिडे किरकिरतात आणि सकाळी झोपून उठल्यावर बरे वाटते. या बरे वाटण्यानेच घात होतो. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि नुकसान गुपचूप साठत जाते. कापसाचे बोळे फारसे उपयोगी नाहीत. फोमचे नीट बसणारे इअरप्लग किंवा वादकांसाठी मिळणारे खास प्लग हवेत. आणि एखाद्या सकाळी एक कान अचानक बंद पडलाच, तर "मळ असेल" म्हणून तेल न घालता तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उपचार जितका लवकर, तितकी यशाची शक्यता जास्त.

निघता निघता त्याने एक गोष्ट सहज सांगितली आणि मी त्याला पुन्हा खुर्चीत बसवले. एकदा पावसाच्या भीतीने होडीवर ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि जनरेटर त्याच्या कडेलाच होता. समुद्र शांत होता, तरी तासाभरात याचे आणि आणखी तिघांचे डोके ठणकू लागले, मळमळले. सगळे म्हणाले, बोट लागली. दर्यावर वाढलेल्या चौघांना शांत पाण्यात एकाच वेळी बोट लागावी? मला तो धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा प्रताप वाटतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. करोनाच्या काळात आपण घरोघरी आणलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. विषबाधा झालेली असतानाही आकडा उत्तम दाखवतो. तेव्हा जनरेटर किंवा इंजिनाजवळ बसलेल्या एकाहून अधिक माणसांचे डोके एकदमच दुखू लागले तर यंत्र बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, किनारा गाठावा आणि थेट प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. हृदयरोग असलेल्या वृद्धांना हा वायू इतरांपेक्षा लवकर बाधतो. नातवाच्या हौसेखातर आपण अशा होडीत बसणार असाल, तर जनरेटर कुठे आहे ते आधी पाहा आणि त्याच्या धुरापासून दूर, उघड्यावर बसा. पेसमेकर असेल तर स्पीकरला टेकू नका. त्यात चुंबक असते, वीतभर तरी अंतर ठेवा. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी त्यांनी अडू शकते, काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या वर्ज्य असतात. त्या विचारूनच घ्याव्यात.

किनाऱ्यावरच्या घरांतही एक अडचण आहे. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबवर स्पष्ट ऐकू येतो. होडी दूर असूनही खाटेवरच्या रुग्णाला ती अंगणात असल्यासारखी वाटते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. ठरावीक सणांना सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. माझा अनुभव असा, की घरात आजारी माणूस आहे हे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मुलांना घरी बोलावून सांगितले तर ती ऐकतात. ऐन वेळी भांडायला गेलो तर आवाज आणखी चढतो.

नातवाची श्रवणचाचणी करवली. डाव्या कानाच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खोल खड्डा होता. त्यानेच आजोबांनाही नेले. आजोबांची रेषा त्याच भागात घसरायला लागून पुढे वर आलेलीच नव्हती. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा तो बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "आजोबांना तर कुणी सांगितलंच नव्हतं."

आजींना मात्र मी वेगळे सांगितले: ओरडू नका. अशा बहिरेपणात स, श, त, फ यांसारखी व्यंजने आधी हरवतात. आवाज पोहोचतो, शब्द उमगत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच पुसट राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, हिला राग आला आहे. आधी टीव्ही बंद करावा, समोर, उजेडात बसावे, थोडे सावकाश बोलावे आणि कळले नाही तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगावे.

आजोबांनी यंत्र घ्यायला अद्याप होकार दिलेला नाही. नातवाने प्लग घेतले, नवा बोर्ड बसवला आणि जनरेटर मांडवाबाहेर, वारा धूर बाहेर नेईल अशा बाजूला बांधायला सुरुवात केली. लग्नसराई संपली की पुन्हा चाचणी करायची ठरली आहे. आजींच्या घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरल्या.