डबल

उरण तालुक्यातल्या करंज्याचे आमचे जुने घर मागील उन्हाळ्यात आवरले, तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे होती. १९९० नंतर केबल आली आणि तिच्या पाठोपाठ हे कुस्तीगीर आमच्या दप्तरांत शिरले. प्रत्येक कार्डावर उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेले असत. एकाने ‘वजन’ म्हणायचे, दोघांनी आकडे वाचायचे, आणि ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे.

भाचा म्हणाला, “मामा, पडून राहण्यापेक्षा ऑनलाइन विकून टाकू.” माझी हरकत नव्हती. त्याने फोटो टाकले आणि तासाभरात पहिली विचारणा आली : कोपरे कसे आहेत? मागे काही लिहिले आहे का?

मागे लिहिलेले होते. माझ्याकडे आणि माझ्या एका मित्राकडे एकच संच असल्याने कार्डे मिसळू नयेत म्हणून आम्ही पाठीवर पेन्सिलीने आद्याक्षरे घातली होती. ग्राहकाचे म्हणणे, अक्षरे खोडरबराने पुसून द्या, दर वाढवतो.

या बाजाराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आमच्या लहानपणी जे कार्ड माझ्याकडे ‘डबल’, ते वाडीतल्या प्रत्येकाकडे डबल, कारण सगळ्यांचा माल उरणच्या त्याच दुकानांतून येई. हवे असलेले कार्ड मिळायचे ते मुंबईचा मावसभाऊ सुटीत आला तर, नाहीतर लाँचने रेवसहून कोणी आले तर. आज करंज्याच्या मुलाला नागपूरच्या मुलाचे डबल मिळू शकते. हा न्यायच म्हणायचा. २००४ साली ‘बाझी’ विकत घेऊन ईबे भारतात आले आणि २०१८ मध्ये येथला कारभार आवरून गेले. सौद्याची रीत मात्र मागे राहिली.

खटकते ते या बाजाराचे मोजमाप. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीची १९५२ सालची बेसबॉल कार्डे खपली नाहीत, म्हणून १९६० साली ती पडावात भरून अटलांटिकमध्ये ओतली, अशी हकीगत ती कार्डे घडवणाऱ्या साय बर्जर यांनीच सांगून ठेवली आहे. त्याच मालिकेतले मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेले. दुर्मीळ तर ते होतेच. पण त्याचा भाव चढला तो कोपरे शाबूत राहिल्यामुळे, दहापैकी साडेनऊ गुण पडल्यामुळे. म्हणजे खेळण्यासाठी केलेल्या वस्तूची सर्वांत मोठी किंमत, तिच्याशी कोणी फारसे खेळलेच नाही याबद्दल!

आपल्याकडे संग्रहाची दुसरी एक दृष्टी आहे. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथले अडकित्ते, दिवे, भांडी हाताळलेली आहेत. त्या अडकित्त्यांवरचा हातांचा घासा पुसून द्या, असे कोणी म्हणेल काय? (आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी म्हणाले, “कुस्तीगिरांची कार्डे आणि केळकर एका परिच्छेदात?” असो.)

डबा पुन्हा तपासला तेव्हा चार कार्डांच्या मागे मित्राचे आद्याक्षर निघाले. ती मी जिंकली होती की खेळ अर्धवट राहिला होता, आठवत नाही. दहावीनंतर तो वडिलांच्या होडीवर गेला आणि मी पनवेलला शिकायला. त्यानंतर आमचा खेळ झाला नाही, आणि खरे सांगायचे तर बोलणेही बंदरावर ओझरतेच. जी कार्डे माझी आहेत की नाहीत हेच ठाऊक नाही, त्यांचे आद्याक्षर पुसून पैसे घ्यायचे, हे जमेना.

ती चार मी बाजूला काढली. उरलेल्यांच्या जाहिरातीत भाच्याने माझ्या सांगण्यावरून ओळ घातली : “मागे पेन्सिलीने अक्षर आहे. पुसून मिळणार नाही.” दर निम्म्यावर आणला आहे. तीन आठवडे झाले, अद्याप कोणी विचारलेले नाही. आणि ती चार कार्डे शर्टाच्या खिशात घालून मी दोनदा बंदरावर जाऊन आलो, तर होडी बाहेर गेलेली.