बाहेर आल्यावरची पहिली मुलाखत

याही आठवड्यात रिॲलिटी शोमधून बाहेर पडलेल्यांच्या मुलाखती वाचल्या आणि पुन्हा तीच चीड आली. सगळीकडे तेच प्रश्न, तेच वाहिनीने पाठवलेले छायाचित्र. प्रसिद्धी विभागाचा मजकूर मुलाखत म्हणून छापू नये, हे या स्तंभात अनेकदा लिहिले आहे. आजचा मुद्दा त्यापुढचा आहे. ज्या माणसाला कित्येक आठवडे वर्तमानपत्र आणि फोन यांचे दर्शनही झालेले नाही, त्याच्यासमोर त्याच्याविषयी छापलेले सगळे वाचलेला बातमीदार बसतो. एकाला सगळे ठाऊक, दुसऱ्याला काहीच नाही. अशा वेळी घेतलेली उत्तरे त्या माणसाचे मत म्हणून छापणे अन्याय्य आहे.

ब्रिटनच्या जेड गुडीचे 'बिग ब्रदर' या रिॲलिटी शोमधून दोनदा बाहेर येणे शेजारी ठेवून पाहावे. 2002 साली लंडनच्या बर्मंडसी भागातली ही दंतवैद्याकडची मदतनीस त्या शोच्या घरात होती, तेव्हा तिथल्या खपाऊ दैनिकांनी तिला डुकराची उपमा दिली. ती चौथी येऊन बाहेर पडली, तोवर वारे फिरले होते आणि तीच दैनिके तिची कहाणी मिळवायला धावली. जानेवारी 2007 मध्ये ती सेलिब्रिटी पर्वात गेली. तिथे शिल्पा शेट्टीशी ती वाईट वागली, याबद्दल दुमत नाही. नियामक संस्था ऑफकॉमकडे 44 हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, पाटण्यात पुतळे जळले. घरात यातले काहीच पोहोचले नाही. बाहेर पडताच दोन-चार दिवसांत तिचा रडवेला माफीनामा छापून आला. दोन्ही वेळा तिने तोंड उघडण्याआधीच निकाल लागला होता, एकदा बाजूने आणि एकदा विरुद्ध.

यावर आक्षेप येईल की जेडने प्रसिद्धी स्वतः विकली, पैसेही घेतले. खरे आहे. ऑगस्ट 2008 मध्ये आपल्या लोणावळ्यात 'बिग बॉस'च्या घरात असताना तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान कळले. पुढे आपल्या लग्नाच्या प्रसिद्धीचे हक्क तिने विकले, ते दोन मुलांच्या भविष्यासाठी, आणि हे तिने उघडपणे सांगितले. पण तेव्हा आपण काय सांगतो आहोत हे तिला पुरते ठाऊक होते. तिच्या आजाराच्या बातम्यांनंतर इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक स्त्रियांनी तपासणी करून घेतली. जाणतेपणी सांगितलेल्या गोष्टीचे हे मोल आहे. उलट तिला न विचारता जे झाले, ते लाजिरवाणे होते: 'ओके!' या साप्ताहिकाने ती जिवंत असतानाच श्रद्धांजली अंक काढला. ती 22 मार्च 2009 रोजी गेली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी.

स्पर्धकांनी करारावर सही केली होती, असे दुसरे उत्तर मिळते. ती सही वाहिनीशी होती, खेळासाठी होती. आपल्याविषयी काय छापले गेले हे न कळता प्रश्नांना सामोरे जाण्याची मुभा तिने कोणाला दिलेली नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2021 पासून सहभागींच्या मानसिक स्वास्थ्याची काळजी घेणे वाहिन्यांवर बंधनकारक झाले, पण ऑफकॉमचा हा नियम वर्तमानपत्रांना लागू नाही. आपल्याकडे प्रेस कौन्सिल ताशेरे ओढू शकते, ताकीद देऊ शकते, त्यापलीकडे तिच्या हाती काही नाही. म्हणून हे काम संपादकांनाच करावे लागेल. थांबलो तर दुसरा छापेल, ही भीती खोटी नाही. पण कोण बाहेर पडले ही बातमी त्याच दिवशी द्यावी, तिला कोणाची हरकत नाही. मुलाखत आठवडाभर थांबली तर वाचकाचे काही बिघडत नाही. मराठी संपादकांनी एवढेच ठरवावे: आधी त्या माणसाच्या हाती त्याच्याविषयीची कात्रणे द्यावीत, त्याला ती वाचू द्यावीत आणि मगच प्रश्न विचारावेत.