यंत्रमानव स्पर्धा : संघाचे श्रेय मोजायचे कसे?

पेण, विशेष प्रतिनिधी : अमेरिकेतील 'फर्स्ट' संस्थेच्या १९९२ पासूनच्या यंत्रमानव स्पर्धेत सध्या तीन-तीन संघांच्या आघाड्या झुंजतात. गुण आघाडीला मिळतात. संघाचे श्रेय कसे ठरणार? त्यासाठी फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली न्यूनतम वर्ग पद्धत वापरतात. आघाडीचे गुण ही तिन्ही संघांच्या योगदानाची बेरीज मानून सर्व सामन्यांची समीकरणे एकत्रित सोडवली जातात. मात्र सामने थोडे असल्यास अनुमान डळमळते. प्रतिस्पर्ध्याला रोखणारा संघ तर त्यात दिसतच नाही. पेण-रोह्याच्या कबड्डीरसिकांना हे नवे नाही : चढाईपटूला रिकाम्या हाती परतवणारा बचाव गुणफलकावर उमटत नाही. बाद फेरीचे साथीदार निवडताना केवळ आकड्यांवर विसंबल्यास असाच गुणी संघ बाहेर राहील. आकड्यांना प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड हवीच.