साधी अक्षरे, पण कोणाला साधी?

माझा भाचा दिग्रसच्या मराठी शाळेत शिकला, आता यवतमाळला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. परवा त्याला 'एपीएल' ही भाषा दाखवली. पाच गाड्यांमधल्या कापसाचे क्विंटल एका रांगेत, भाव दुसऱ्या रांगेत. मध्ये गुणिले, सर्वांत आधी अधिक आणि तिरपी रेघ. एकूण रक्कम हजर! लूप नाही, काही नाही.

त्याने लगेच विचारले, "मामू, यातली बाकीची चिन्हे कीबोर्डवर कुठे आहेत?"

प्रश्न जुनाच आहे. केनेथ आयव्हर्सनने 1962 च्या पुस्तकात ही चिन्हलिपी मांडली. पुढे ती छापायला टाइपरायटरचा वेगळा गोळा लागे. 1990 मध्ये त्यानेच रॉजर हुईसोबत 'जे' भाषा काढली, तिला नेहमीच्या कळा पुरतात. ग्रीक ऱ्होच्या जागी डॉलर आला आणि भागाकाराला चक्क टक्क्याचे चिन्ह.

इथेच मला पटत नाही. टक्क्याचे चिन्ह भाच्याला टक्केवारी म्हणूनच माहीत आहे. ते आधी विसरायचे, मग भागाकार वाचायचा. मधे रेघ, वर-खाली टिंब हा भागाकार मात्र तो शाळेपासून ओळखतो. मग साधे कोणते?

आपल्याकडे 786 सगळ्यांना ठाऊक. ती 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची अबजद बेरीज. अबजदला नवे चिन्ह लागत नाही, अक्षरेच आकडे. 'बे' म्हणजे 2, 'काफ' म्हणजे 20, 'रे' म्हणजे 200. पण या तिघांचे एकमेकांशी नाते डोळ्यांना दिसते का? 2, 20, 200 लिहा, लगेच दिसते. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने भारतीय आकड्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा ती चिन्हे त्याच्या वाचकांना परकीच होती. तरी त्याने ती घेतली, कारण त्यांनी गणित सोपे होत होते.

मला रोज रोमन लिपीत मराठी मेसेज येतात. 'kal' लिहिलेले काल, कळ की कल, हे मी अंदाजाने ठरवतो. लिहिणाऱ्याच्या चार कळा वाचल्या, वाचणाऱ्याचे डोके शिणले. प्रोग्रॅमही एकदा लिहिला जातो, वाचला जातो अनेकदा.

आता चिन्हे युनिकोडमध्ये आहेत, कीबोर्डची मांडणी बदलता येते. भाच्याने कळांवर कागदाचे तुकडे चिकटवले. "घरी ठीक आहे," म्हणाला, "पण परीक्षेला लॅबमध्ये कोण चिकटवू देईल?"

त्यावर मी गप्प बसलो.