ओरिजिनल कुठाय?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा असो की निराला बाजार, फोटो स्टुडिओत थोडा वेळ थांबलं की एक प्रसंग कधी ना कधी पाहायला मिळतो. घरातलं मोठं माणूस गेलेलं असतं. तेराव्याच्या आत बारा बाय अठराची फ्रेम हवी असते. मुलगा फोन पुढे करतो. फोटो सुंदर असतो : आई वेरूळच्या लेण्यांपाशी पायरीवर बसलेली, पदर सावरत हसणारी. स्टुडिओवाला तो कॉम्प्युटरवर घेतो, मोठा करतो आणि हात थांबवतो. डोळ्यांच्या जागी चौकोन दिसायला लागलेले असतात. "दादा, हा व्हॉट्सॲपचा आहे. एवढा मोठा केला की फुटतो. ओरिजिनल कुठाय?"

ओरिजिनल असतो त्याच्या मुलीच्या फोनमध्ये. त्याच घरात, त्याच वाय-फायवर. फोटो तिने काढला, पुण्याच्या मामाला पाठवला, मामाने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून तो वडिलांच्या फोनमध्ये उतरला. बेडरूममधून हॉलमध्ये यायला त्याने कुठल्या कुठे चक्कर मारली आणि वाटेत तो आक्रसत गेला. मुलीचा फोन अजून हाताशी असेल, तर काम भागतं. दिवाळीच्या ऑफरमध्ये तो एक्स्चेंजला गेला असेल, तर आजीचा तो चेहरा आता तेवढाच उरलेला असतो, जेवढा ग्रुपवर आहे.

किती आक्रसतो, हे आकड्यांत पाहिलेलं बरं. बारा मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याचा फोटो ४००० गुणिले ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. म्हणजे उरतात एकोणीस लाखांच्या आसपास, जेमतेम सहावा हिस्सा. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर या फोटोची स्वच्छ प्रिंट सव्वापाच बाय चार इंचांची निघते. पाकिटात ठेवायला ती पुरेशी आहे, भिंतीवरच्या फ्रेमला नाही. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपवर एचडीची सोय आली. त्याने फरक पडतो, पण दाबादाबी तिथेही होतेच. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तरच तो जसाच्या तसा जातो. हे ठाऊक असलेले लोक अजून थोडे आहेत.

ठिपक्यांइतकंच आणखी एक नुकसान होतं, ते लवकर लक्षात येत नाही. मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला, कुठे काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची नोंद असते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवताना ही नोंद गळून पडते. मग २०१९ मधल्या बारशाचे फोटो कुणी २०२५ मध्ये पुन्हा पाठवले, की गॅलरीत ते २०२५ मध्ये जाऊन बसतात. जुन्या अल्बममध्ये फोटोच्या पाठीमागे पेनाने तारीख लिहिलेली असायची. तीच पुसून टाकण्यासारखं आहे हे.

खरं तर घरातल्या घरात फोटो देण्याघेण्याची सवय आपल्याकडे चांगली रुजली होती. 'शेअरइटने घे ना' हे वाक्य दहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या कट्ट्यावर आणि लग्नाच्या मांडवात सारखंच ऐकू यायचं. दोन फोन एकमेकांशी थेट जोडले जायचे, नेटपॅक खर्च व्हायचा नाही, फोटो पूर्ण आकारात यायचा. गलवान खोऱ्यातल्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा सगळीकडे झाली. त्याच यादीत शेअरइट आणि झेंडरही होते, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. बंदीमागची कारणं सुरक्षेची होती आणि त्या ॲपमधल्या जाहिरातींचा भडिमार पाहता ती गेली याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण ॲपबरोबर सवयही गेली. लोक व्हॉट्सॲपकडे वळले आणि तिथेच राहिले.

सोय मात्र संपलेली नाही, उलट सुधारली आहे. गुगलने ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइड फोनसाठी 'निअरबाय शेअर' आणलं. जानेवारी २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या सोयीशी एकत्र करून त्याला 'क्विक शेअर' नाव दिलं. आता बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच असतं. ॲपलच्या मॅकवर 'एअरड्रॉप' २०११ मध्ये आणि आयफोनवर २०१३ मध्ये आलं. दोन्हींची रीत साधारण सारखी : आसपासचा फोन ब्लूटूथने शोधायचा आणि फोटो वाय-फायच्या लहरींवरून थेट पाठवायचा.

अडचण येते ती मिश्र घरांत. मुलगा बंगळुरूहून आयफोन घेऊन येतो, आईकडे सॅमसंग, वडिलांकडे विवो. गुगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये पिक्सेल १० पासून क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांची गाठ घालून दिली, पण ती सगळ्या घरांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. तोवर अशा घरांसाठी या स्तंभाची शिफारस 'लोकलसेंड' या ॲपची आहे. ते मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर ते चालतं. दोन्ही फोन एकाच वाय-फायवर ठेवायचे, दोन्हींवर ॲप उघडायचं. समोरचा फोन यादीत दिसतो. फोटो निवडायचे, त्या नावावर बोट ठेवायचं, पलीकडच्याने स्वीकारायचं.

यात घडतं काय, तेही समजून घ्यावं. केबलवाल्याने हॉलमध्ये लावून दिलेला राउटर हा घरातला पोस्टमन असतो. घरातल्या प्रत्येक फोनला तो एक क्रमांक देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. हे क्रमांक घरापुरतेच असतात; सिडकोतल्या दोन शेजाऱ्यांच्या फोनचा क्रमांक अगदी सारखा असला तरी बिघडत नाही. एका फोनकडून निघालेला फोटो राउटरकडे येतो आणि तिथूनच दुसऱ्या फोनकडे वळतो. तो घराचा उंबरा ओलांडत नाही. लोकलसेंडमध्ये तर वाटेवरही तो कुलूपबंद असतो.

वेरूळच्या सहलीचे तीनशे फोटो धरू. एकेक चार एमबीचा, म्हणजे एकूण १२०० एमबी. मूळ आकारात इंटरनेटवरून पाठवायचे, तर एका फोनला सव्वा जीबी वर चढवायला आणि दुसऱ्याला तेवढाच खाली उतरवायला लागतो. रोज दीड जीबीच्या पॅकवर दोघांचाही दिवस संपला. ब्लूटूथने पाठवायचे तर तासाहून जास्त. घरच्या वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबिट मिळाले तरी साडेपाच मिनिटांत काम होतं. ५ गिगाहर्ट्झवर, राउटरच्याच खोलीत, त्याहून कितीतरी लवकर. मात्र हा पट्टा भिंतींना पटकन हार खातो. गुलमंडीच्या बाजूच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तो पोहोचेलच असं नाही. तिथे दोन्ही फोन घेऊन राउटरजवळ बसावं, एवढाच उपाय.

फोन एकमेकांना दिसत नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त येते. कारणं ठरलेली आहेत. एक फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेलेला असतो. किंवा एकाला पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय दिलेलं असतं. ते मुद्दाम बाकी घरापासून तोडलेलं असतं. व्हीपीएन चालू असेल तरी फोन दिसत नाही. आयफोनवर २०२० पासून ॲप पहिल्यांदा उघडताना स्थानिक नेटवर्क वापरण्याची परवानगी मागितली जाते आणि घाईत लोक 'नको' दाबतात. ती सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली पुन्हा देता येते. विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलमधल्या वाय-फायवर एका फोनला दुसरा दिसू न देण्याची व्यवस्था बऱ्याचदा असते, आणि शंभर अनोळखी मुलांच्या जागी ती असायलाच हवी. तिथे एकाने हॉटस्पॉट सुरू करायचा, दुसऱ्याने त्याला जोडायचं. हॉटस्पॉटवर नेट नसलं तरी चालतं.

नेट नसलं तरी चालतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात, ऑक्टोबरच्या अखेरीला आणि नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला, बीड आणि जालन्यात इंटरनेट बंद ठेवलं गेलं. अशा दिवसांत व्हॉट्सॲपवर मेसेजपुढे टिक येतच नाही, नुसतं घड्याळ दिसत राहतं. राउटर मात्र चालू असेल, तर घरातले फोन आपसांत बोलत राहतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो असो की शेतीच्या कागदाचा, तो एका फोनमधून दुसऱ्यात जाऊ शकतो. गरज पडली की शिकू, असं म्हणून हे होत नाही, कारण लोकलसेंड उतरवून घ्यायला नेट लागतंच. ते आधी घेऊन ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जुन्या फोनमधले फोटो नव्यात टाकून घ्यायला लोक फोन अनलॉक करून दुकानात ठेवून येतात. पैठण गेटच्या बाजूला मोबाइलची दुकानं ओळीने आहेत आणि तिथे प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत. प्रश्न कुणाच्या प्रामाणिकपणाचा नाही. बाळंतिणीचे, लेकीबाळींचे, दवाखान्यातले, बँकेच्या पासबुकाचे फोटो दोन तास परक्या काउंटरवर का असावेत? हे काम सोफ्यावर बसून होतं. घरातल्या मुलांनी आईला, आत्याला ते एकदा शिकवावं. 'आण, मीच करून देतो' म्हणत फोन हातातून काढून घेऊ नये.

प्रत जवळ असणं किती मोलाचं असतं, याची साक्ष या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला नेमलं गेलं. अनेक वर्षं खपून त्यांनी मोठमोठी तैलचित्रं केली आणि ती लंडनला गेली. डिसेंबर १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि मोजकी वगळता सगळी जळाली. दुसरा संच नव्हता. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळचे त्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकांतून छापले गेले, अनेक ठिकाणी पोहोचले आणि ते आजही पाहायला मिळतात.  

आजच्या घरांचं लंडन म्हणजे क्लाउड. ते वाईट नाही. फोन चोरीला गेला तर तेच वाचवतं. पण गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबीत ईमेलसकट सगळं बसवायचं असतं. बॅकअप कधी थांबला, हे कित्येकांना फोन हरवल्यावरच कळतं. म्हणून क्लाउडवर एक प्रत असावी आणि घरात आणखी दोन : एक दुसऱ्या फोनमध्ये, एक लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर. वाय-फायचे पैसे दर महिन्याला जातातच, ही ने-आण त्यातच होते.

करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाठवलेले तीनशे आणि आलेले तीनशे, हा आकडा जुळल्याशिवाय मूळ फोनवरून काहीही पुसायचं नाही. आणि पूर्ण फोटोबरोबर ठिकाणाची नोंदही जाते, तेव्हा तो घरच्यांना द्यावा. अनोळखी माणसाला देताना लोकेशन काढून टाकावं.

लोकलसेंड पहिल्यांदा उघडलं, की ते प्रत्येक फोनला स्वतःच एक इंग्रजी नाव देतं, एखादं विशेषण आणि पुढे एखाद्या फळाचं नाव. चार फोन असले की कोणता कुणाचा, हे कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येतं, मराठीतही लिहिता येतं : आजी, बाबा, ताई, छोटू. आजीच्या फोनवर ॲपचं चिन्ह पहिल्याच पानावर आणून ठेवावं आणि अक्षरं मोठी करून द्यावीत. रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आपापले फोन उघडले, की यादीत 'आजी' दिसेल. तिचा हसरा फोटो आधी तिलाच पाठवावा.