गावकुसावरील चित्रे

वर्धा नदीच्या पश्चिम काठावर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर वसलेले आहे. इंग्रजी अमदानीत ही नदी म्हणजे वऱ्हाड व मध्यप्रांत यांमधील सरहद्द. आज ती अमरावती व वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर ती हीच आणि रुक्मिणीचे माहेरही हेच, अशी परंपरा आहे. येथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी आषाढीस पंढरपुरी जाते. येथील उत्खननाचा डॉ. मोरेश्वर दीक्षित यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या गावाची प्राचीनता केवळ पुराणकथांवर विसंबून राहिलेली नाही. गावाचे नाव ऐकताच आमच्या कित्येक बांधवांना भगवान बुद्धांच्या पंचवर्गीय भिक्खूंपैकी कौंडिण्याचे स्मरण होते. परंतु नावाच्या साधर्म्याने इतिहास सिद्ध होत नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ज्याला पुरावा नाही त्यावर हक्क सांगणे वकिलाला शोभत नाही आणि बौद्धालाही शोभत नाही.

नदीची सीमा निसर्गाने घातली. आमचा आजचा विषय माणसाने घातलेल्या सीमेचा आहे. वऱ्हाडातील जुन्या गावांना कूस असे. दरोडे व स्वाऱ्या यांपासून गावाचे रक्षण व्हावे म्हणून ती भिंत उभारली, असे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण त्या भिंतीचे दुसरे कार्य कोणी सांगत नाही. ज्या महाराने वेशीवर पहारा करावयाचा, सीमेच्या तंट्यात साक्ष द्यावयाची, त्याचीच वस्ती त्या भिंतीच्या बाहेर होती. कूस आता बहुतेक ठिकाणी ढासळून गेली आहे; पाऊस व काळ यांनी तिची माती केली. तथापि जी रेषा तिने आखली ती गेलेली नाही. आजही वऱ्हाडातल्या अनेक खेड्यांत शिरताना कोणती वस्ती कोणाची हे परक्याला विचारावे लागत नाही. ते त्याला भिंतीच सांगतात. एका भिंतीवर निळ्या रंगात अशोकचक्र व ‘जय भीम’ ही अक्षरे, पलीकडच्या भिंतीवर भगवा ध्वज व देवतेचे चित्र, आणखी पुढे हिरव्या रंगात चाँद. आणि या साऱ्यांवर निवडणुकीच्या दिवसांत उमटलेली पक्षांची चिन्हे. जुन्या कुसाची जागा रंगाने घेतली आहे. हे चांगले की वाईट, आणि यात आमचे कर्तव्य काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

भिंतीवर लिहिणे व चितारणे ही या प्रदेशाला नवी गोष्ट नव्हे. सम्राट अशोकाने आपले धम्मलेख शिळांवर व स्तंभांवर कोरविले, ते येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावे म्हणूनच. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्या वराहदेवाने खोदविले तो वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव होता, आणि हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपल्या वऱ्हाडातील वाशीम. तेव्हा धर्माचे चित्र भिंतीवर काढून लोकांसमोर मांडण्याची प्रथा वऱ्हाडच्या राज्यकर्त्यांनी पंधराशे वर्षांपूर्वीच चालविली होती. फरक इतकाच की त्या काळी भिंत राजाची होती आणि चित्र राजाच्या आज्ञेने होई. मध्यंतरीच्या दीर्घ काळात गावकुसाबाहेरच्या माणसाला भिंतही नव्हती आणि अक्षरही नव्हते. ज्याला अक्षर येत नाही त्याने भिंतीवर काय लिहावे?

या संबंधात बर्लिनच्या भिंतीचे उदाहरण आम्हांला फार बोधप्रद वाटते. १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात ती भिंत उभी राहिली व ९ नोव्हेंबर १९८९ रोजी तिचे दरवाजे उघडले. तिच्यावरील चित्रे जगप्रसिद्ध आहेत. परंतु भिंत अभेद्य होती तोवर चित्रे होती ती केवळ पश्चिमेच्या अंगाला. पूर्वेचे अंग कोरे होते. कारण त्या बाजूच्या माणसाला भिंतीजवळ जाण्याचीच मुभा नव्हती. पूर्वेकडच्या सुमारे १३०० मीटर लांबीच्या भागावर चित्रकारांनी चित्रे काढली ती १९९० साली, भिंत निरर्थक झाल्यानंतर. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भिंतीच्या ज्या बाजूला चित्र आहे त्या बाजूच्या माणसाला भिंतीपर्यंत जाण्याचे स्वातंत्र्य आहे. आमच्या वस्तीच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र दिसते त्याचा पहिला अर्थ हाच आहे. चित्र चांगले आहे की ओबडधोबड, हा प्रश्न नंतरचा. ज्याच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती तो आज स्वतःच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहितो, ही त्यातील मुख्य गोष्ट आहे.

ज्यांना ही चित्रे डोळ्यांत सलतात ते विचारतात, “भिंतीभिंतीवर हे कशाला?” त्यांना आम्ही अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिराची आठवण देतो. रुक्मिणी कौंडण्यपुराहून अंबेच्या दर्शनास आली व तेथूनच श्रीकृष्णाने तिचे हरण केले, अशी लोककथा वऱ्हाडात घरोघरी सांगतात. म्हणजे कथेतल्या राजकन्येला ते मंदिर मुक्तीचे द्वार ठरले. त्याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली वऱ्हाडातील अस्पृश्यांनी चळवळ केली, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी परिषद भरली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. अस्पृश्यांना तेव्हा देवाची मूर्ती हवी होती असे नव्हे. सार्वजनिक म्हणविणाऱ्या जागेत माणूस म्हणून पाऊल टाकण्याचा हक्क हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आम्ही धम्म स्वीकारला आणि त्या मंदिराच्या दाराशी उभे राहण्याचे प्रयोजनच उरले नाही. परंतु वेशीचा, रस्त्याचा, चौकाचा व सार्वजनिक भिंतीचा हक्क आम्ही सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

हा वाद जुना झाला, असे कोणी समजू नये. २०२४ च्या मार्च महिन्यात याच अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील पांढरी खानमपूर येथे, गावाच्या प्रवेशद्वाराला बाबासाहेबांचे नाव देण्याचा प्रश्न इतका चिघळला की बौद्ध कुटुंबे गाव सोडून निघाली आणि अमरावतीस विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाजवळ येऊन बसली. पुढे तेथे दगडफेक झाली व पोलिसांचे बळही वापरले गेले. एका कमानीवरील अक्षरांसाठी लोक घरदार सोडतात, याचे हसू ज्यांना येते त्यांनी हाही विचार करावा की त्या अक्षरांना विरोध करणाऱ्यांनाही ती क्षुल्लक वाटली नव्हती. वेस ही गावाची सही असते. त्या सहीत आपले नाव असावे, असे एकाला वाटते. ते असू नये, असे दुसऱ्याला वाटते. वाद अक्षरांचा नसून गाव कोणाचे, याचा आहे.

आता कायद्याकडे वळू. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली तिने कलम ३(१) मध्ये खंड (न) ची, म्हणजे इंग्रजी मूळ पाठातील ‘टी’ या खंडाची, भर घातली. अनुसूचित जातींना पवित्र वा परम आदरणीय वाटणाऱ्या वस्तूचा नाश, हानी किंवा विटंबना करणे हा आता स्वतंत्र अपराध असून, वस्तू या शब्दात पुतळा, छायाचित्र व तसबीर यांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण तेथे जोडलेले आहे. भिंतीवरील बाबासाहेबांचे चित्र हे या व्याख्येत येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. बौद्ध झालेल्यांना हे संरक्षण नाही, असा अपप्रचार अद्यापि काही ठिकाणी होतो. तो खोटा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशी फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता राहिलेली नाही. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही, आणि तपास पुरा करून आरोपपत्र साठ दिवसांत दाखल करावयाचे, असा नियम आहे.

पण कायद्याला पुरावा लागतो, आणि येथे आमच्याच लोकांची चूक होते. रात्री कोणी चित्रावर डांबर फासले की सकाळी वस्तीतील तरुण संतापाने प्रथम ते पुसून काढतात व मग रस्त्यावर उतरतात. भावना आम्ही जाणतो. परंतु पंचनामा होण्यापूर्वी भिंत धुतली म्हणजे साक्षीदारच नाहीसा केला. आणि हातात दगड घेतला म्हणजे फिर्यादीचा आरोपी झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला कायद्याचा एक तरुण विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. विटंबना करणारा एक असतो आणि किंमत सारी वस्ती देते. म्हणून आमचे सांगणे असे की विटंबना दिसताच भिंतीभोवती चार माणसे उभी करावी, छायाचित्र घ्यावे, फिर्याद लेखी द्यावी, तिची प्रत मागून घ्यावी आणि पंचनाम्यावर आपल्यापैकी जाणत्याची सही असल्यावाचून भिंतीला पाणी लावू नये.

दुसरा प्रश्न भिंत कोणाची, हा आहे. स्वतःच्या घराच्या भिंतीवर श्रद्धेचे चित्र काढण्यास कोणाची आडकाठी असू नये. शेजाऱ्याच्या भिंतीवर त्याच्या संमतीवाचून रंग लावणे हे मात्र अतिक्रमण आहे, मग तो रंग निळा असो की भगवा. शासनाच्या व पंचायतीच्या भिंतीचा नियम याहून कडक आहे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा अधिनियम १९९५ पासून आहे. रस्ते, पदपथ अशा सार्वजनिक जागी नवे पुतळे उभारण्यास राज्यांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला. हे निर्बंध सर्वांना सारखे लागू झाले तर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती निवडीची. पंचायतीच्या भिंतीवर देवतेचे चित्र काढले की ती संस्कृती आणि निळे चक्र काढले की ते विद्रूपण, हा न्याय राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात बसत नाही. आमची मागणी सोपी आहे: शाळा, चावडी व पंचायत यांच्या भिंती कोणत्याही धर्माच्या वा पक्षाच्या नसाव्यात, तेथे काही लिहावयाचेच असेल तर संविधानाची उद्देशिका लिहावी. ती सर्वांची आहे.

इतरांना जे सांगितले तेच स्वकीयांनाही सांगणे प्राप्त आहे. बुद्धाचे चित्र हे जागा बळकावण्याचे साधन नव्हे. भिंतीपाशी कोणी घाण करू नये म्हणून देवांची चित्रे लावण्याची खोड शहरांत पडली आहे. तिच्याविरुद्धची जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली. कायद्याने चालत असले तरी तथागताला पहारेकरी नेमण्याचा तो प्रकार आपण करू नये. तसेच निवडणुकीच्या वेळी बाबासाहेबांच्या चित्राशेजारी उमेदवाराचे त्याहून मोठे चित्र काढू देणारी वस्ती आपली भिंत विकत असते, मग तिला मिळालेला मोबदला रंगाचा डबाच का असेना. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्याच्या रानडे व्याख्यानात आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत स्पष्ट शब्दांत दाखविला होता. त्यांचे चित्र भिंतीवर आणि त्यांचे ग्रंथ बांधलेल्या गाठोड्यात, अशी अवस्था ज्या विहारात असेल तेथे रंगाचा खर्च वाया गेला, असेच आम्ही म्हणू.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात कॅथलिक व प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये १९६९ पासून भिंती उभ्या राहिल्या. त्यांवर आणि त्या वस्त्यांच्या घरांवर दोन्ही पक्षांनी आपापल्या हुतात्म्यांची चित्रे काढली. २०२३ पर्यंत त्या सर्व भिंती काढून टाकण्याचा संकल्प तेथील शासनाने २०१३ साली सोडला होता. मुदत उलटून गेली तरी त्या उभ्याच राहिल्या. चित्र जर केवळ ‘येथून पुढे आमची हद्द’ एवढेच सांगू लागले तर ते भिंत पाडत नाही, भिंतीला टेकू देते. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात बजावले आहे की, स्वपंथाची स्तुती करताना परपंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. ही कसोटी भिंतीवर रंग लावणाऱ्या प्रत्येकाने लावून पाहावी. आमचे चित्र कोणाला शिवी देत नाही ना, आणि ते पाहून परवस्तीतील लहान मूल भिते की थांबून वाचते?

गावकूस पडली ती पावसाने. तिच्या जागी उरलेली रेषा पाऊस पुसणार नाही. ती माणसांनाच पुसावी लागेल. यंदाच्या चौदा एप्रिलला भिंत रंगविण्यापूर्वी वस्तीतील तरुणांनी एक करावे. भिंतीच्या मालकाची व पंचायतीची लेखी संमती घ्यावी, तिची प्रत विहारात ठेवावी, आणि चित्राखाली उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता हे चार शब्द असे लिहावे की गावातील शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाला ते रस्त्यावरून वाचता येतील. त्या भिंतीशी मग भांडावयाचे असेल त्याला त्या चार शब्दांशी भांडावे लागेल.