राखेचा रस्ता हवा, पण हिशेबासकट

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. इथली वीज राज्यभर जाते, राख मात्र विदर्भातच राहते. आपल्या देशातल्या कोळशात 30 ते 40 टक्के राख असते. म्हणजे तीन ट्रक कोळसा जाळला की जवळपास एक ट्रक राख उरते. जुलै 2022 मध्ये कोराडी प्रकल्पाचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि तो चिखल शेतांत, नाल्यांत पसरला.

आणि इकडे रस्त्याच्या भरावाला मुरूम हवा म्हणून आपण टेकड्या खरवडतोय! याला मी शुद्ध मूर्खपणा म्हणतो. राख भरावाला चालते, हा शोध आजचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची त्याबाबतची मार्गदर्शिका 2001 सालची आहे. केंद्र सरकारची 31 डिसेंबर 2021 ची अधिसूचना तर सांगते की औष्णिक प्रकल्पापासून 300 किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांना राख वापरायची आणि ती कामावर फुकट पोहोचवायची जबाबदारी प्रकल्पाची.

काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात, विषारी राख रस्त्यात नकोच. मग ठेवायची कुठे? उघड्या तळ्यात ती जास्त सुरक्षित आहे का?

पण ‘कचऱ्यातून संपत्ती’ ही सरकारी घोषणा ऐकली की मी विचारतो, संपत्ती कुणाची आणि कचरा कुणाच्या दारात? राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम थोड्या प्रमाणात असतातच. पाणी मारून, थराथराने दाबून, वरून आणि दोन्ही बाजूंनी चांगल्या मातीचं जाड आवरण दिलं तर राख आत नीट राहते. आवरणाच्या मातीत काटकसर केली की ती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, पावसाळ्यात ओघळून विहिरीकडे जाते. ताडपत्री न बांधलेला ट्रक तर रस्ता व्हायच्या आधीच वस्तीच्या फुफ्फुसांत भराव घालतो. बचत कंत्राटदाराची, दम्याचा पंप आपल्या खिशातून.

दोस्तांनो, तुमच्या भागात असं काम निघालं तर घोषणाबाजीच्या आधी 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. राख कुठल्या प्रकल्पाची, तिची तपासणी कुणी केली, मंजूर नकाशात मातीचं आवरण किती जाड आहे, हे विचारा. मग टेप घेऊन बांधावर जा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि एकदा डांबर पडलं की भराव उकरून कुणी दाखवत नाही, म्हणून अर्ज पहिला ट्रक रिकामा होताच गेला पाहिजे.